बापाचा रकाना

पहाटे ५:३०
सरकारदरबारी मी एव्हीएफओ, म्हणजे सहायक पशुवैद्यकीय क्षेत्र अधिकारी; गावात ‘ढोराचा डॉक्टर’. पिशवीत टेप, टॅग लावायची चिमटी, वही. मँगनीजचे ट्रक तिरोडीच्या रस्त्यावर यायच्या आत पुढल्या गावचं आखर, गुरं जमायची जागा, गाठायचं. ढोरकी गुरं घेऊन एकदा रानाकडे वळला की जनावर संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही.

६:१५
एक पांढरी गाय नजरेत भरते. चिंचोळं तोंड, मागे कललेला माथा, बदामी डोळे, आखूड बोथट शिंगं. गवळाऊच असावी. वर्धा-नागपूरपासून शिवनी, छिंदवाडा, बालाघाटपर्यंत हिचा मुलूख. कानातला पिवळा टॅग चिखलाने माखलेला. अंगठ्याने पुसून बारा आकडे वाचतो. मग टेप: छातीचा घेर, वशिंडामागची उंची, अंगाची लांबी, कान, शिंग. रकाने भरत जातात आणि ‘बाप’पाशी पेन थांबतं.
“सांड कोणता होता?”
“काय सांगू जी, गाईलेच ठाव.”

९:३०
माजावर आलेल्या गाईसाठी बोलावणं. मालकाला दूध हवं, म्हणून जर्सी पाहिजे. माझ्याकडे गवळाऊही आहे, सांगून पाहतो. पण कोठा त्याचा, हिशोबही त्याचा. गोठवलेल्या वीर्याची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट. तिच्यावर वळूचा क्रमांक छापलेला, तो उतरवून घेतो. संकर असला तरी बाप ठाऊक आहे. आखरावरची गवळाऊसारखी दिसते, पण तिच्या बापाचा पत्ता नाही.

दुपारी १:००
डबा खाऊन रजिस्टरं. हे रकाने कशासाठी, ते भरताना आठवतं: राज्याच्या सीमेपलीकडे विदर्भातल्या धानपट्ट्यात चिखलात राबणाऱ्या कठाणी गुरांना २०२३च्या आरंभी जात म्हणून मान्यता मिळाल्याचं जाहीर झालं. ही नोंदणी कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो करतो. गुरं तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या होती. कागद मागाहून आला. त्यासाठी त्यांचा मुलूख आखावा लागतो, संख्या काढावी लागते, मापं घ्यावी लागतात आणि शेजारच्या जातींहून वेगळेपण दाखवावं लागतं.

५:३०
खाणीच्या कॉलनीत लसीकरण. एका पोराने टोपलीत पिल्लं आणलेली: आई लॅब्रेडोर, बाप पॉमेरेनियन.
“सर, ही नवीन जात झाली ना? सर्टिफिकेट कुठं मिळते?”
एक पिल्लू झिपरं, दुसरं गुळगुळीत, तिसऱ्याचा एकच कान उभा. त्याला विचारतो, “यांची पिल्लं यांच्यासारखीच होतील का?” तो हसतो. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी १९८९मध्ये लॅब्रेडोर आणि पूडलचा संकर केला. हा लॅब्राडूडल जगभर गाजला, तरी अमेरिकन केनेल क्लबच्या यादीत तो अजून जात म्हणून नाही. आपल्याकडे मुधोळ, राजापालयम, चिप्पीपराई कर्नालच्या नोंदीत गेले, कारण त्यांची पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या आईबापांसारखीच होत आली. पोराला सांगतो, वही कर. आई, बाप, तारीख लिही. दोन पिल्लं सारखी निघाली तर त्यांचीही नोंद ठेव.
“किती वर्षं लागतील, सर?”
“नातवंडं-पतवंडं बघावी लागतील. कुत्र्यांची.”

रात्री ९:००
मोबाइलवर दिवसाच्या नोंदी चढवतो. सकाळच्या गाईच्या बापापुढे ‘अज्ञात’. गवळाऊ असावा, असं लिहायला हात शिवशिवतो; लिहीत नाही. एक खोटा बाप पुढच्या प्रत्येक पिढीत उतरतो आणि तो खोडून काढायला मग कोणाकडेच वही नसते.