निनावी संदेशवहन, संगणक जाळ्यांतील

संगणकांच्या जाळ्यातून संदेश कोणी कोणाला पाठविला, हे वाटेतील स्थानकांना किंवा बाहेरील निरीक्षकाला कळू नये अशी योजना. कूटलेखनाने मजकूर झाकला जातो. पण पत्ता, वेळ व संदेशाची लांबी उघडीच राहते. पाकीट न फोडताही कोणाचे पत्र कोणाकडे वारंवार जाते, हे पोस्टमनला ठाऊक असते. वार्ताहर व त्याला गुप्त माहिती देणारा यांना तेवढेही घातक ठरू शकते.

अमेरिकन संशोधक डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये या विषयाचा पाया घातला. त्यांच्या योजनेतील ‘मिश्रक’ संगणक अनेकांचे संदेश साठवितो, प्रत्येकावरील कूटलेखनाचा एक थर उतरवितो व क्रम बदलून ते पुढे धाडतो. मालिकेतील एक जरी मिश्रक प्रामाणिक असला, तरी आलेल्या व गेलेल्या संदेशांची सांगड लागत नाही. मात्र संदेश साठेपर्यंत थांबावे लागते. पत्रव्यवहाराला हा विलंब चालतो, तत्काळ उत्तर हवे असलेल्या कामांना नाही.

अमेरिकेच्या नाविक संशोधन प्रयोगशाळेत गोल्डश्लॅग, रीड व सायव्हरसन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या ‘ओनियन राउटिंग’ पद्धतीत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर कायम ठेवून हा विलंब टाळला. तिच्यावर आधारलेल्या ‘टॉर’ जाळ्याची रचना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात संदेश सामान्यतः तीन स्थानकांतून जातो : पहिल्याला पाठविणारा माहीत असतो, शेवटच्याला गंतव्य स्थान, मधल्याला दोन्ही नाही. नौदलाच्या संस्थेत जन्मलेली ही पद्धत सर्वांना खुली करणे भागच होते. एरवी तिच्यातून बाहेर पडणारा प्रत्येक संदेश नौदलाचाच ठरला असता.

विलंब टाळल्याची किंमत मोठी आहे. वाटेची दोन्ही टोके ज्याच्या नजरेखाली असतात, तो वेळा जुळवून प्रेषक ओळखू शकतो. शिवाय विकेंद्रित जाळ्यात एकच व्यक्ती अनेक नावांनी शिरू शकते; या ‘सिबिल’ आक्रमणाचे विवेचन जॉन डाउसर यांनी २००२ मध्ये केले. २०१४ च्या जानेवारीत एकाच सूत्राने चालणारी सुमारे ११५ स्थानके टॉरमध्ये दाखल झाली व वापरकर्त्यांचा माग काढण्याचा प्रयत्न करू लागली. जुलैत ती काढून टाकण्यात आली.

अखेरच्या स्थानकापासून पुढे टॉरचे कूटलेखन उरत नाही. २००७ मध्ये एका स्वीडिश तज्ज्ञाने स्वतः चालविलेल्या अशा स्थानकांवरून काही दूतावासांच्या टपालपेट्यांचे परवलीचे शब्द मिळविले. त्यासाठी टॉर भेदावे लागले नव्हते. पाठविणाऱ्यांनी मूळ मजकूरच उघडा ठेवला होता.