रीलवाल्यांना खानावळीत बोलवायचंय? आधी एवढं ठरवा



सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर आलाय. मालवण-तारकर्लीकडे गाड्यांची रांग लागेल. 'घरगुती जेवण मिळेल' असा बोर्ड आपल्या बऱ्याच गटांनी रस्त्याला लावलाय. पण हल्ली कोल्हापूर-पुण्याहून गाडी निघते तेव्हाच जेवायचं कुठे ते मोबाईलवर बघून ठरलेलं असतं. म्हणूनच बैठकीत प्रश्न येतो, "त्या रीलवाल्यांना आपल्याकडे कसं बोलवायचं?"

ठिकठिकाणी जेवून त्याचे व्हिडिओ इन्स्टाग्राम, यूट्यूबवर टाकणाऱ्यांना फूड ब्लॉगर म्हणतात. त्यांना बोलवणं अवघड नाही. त्यांचा व्हिडिओ बघून येणाऱ्या माणसांना नीट जेवू घालणं अवघड आहे. म्हणून आधी तयारी, मग निमंत्रण.

कोणाला बोलवायचं?
फॉलोअरच्या आकड्यावर भुलू नका. लाखभर लोक बघतात, पण त्यातलं कोणी मालवणला येणार नसेल तर आपल्याला काय उपयोग? कणकवली, सावंतवाडी, कोल्हापूरकडचा, थोडे फॉलोअर असलेला मुलगा किंवा मुलगी बरी. त्यांचे शेवटचे दहा व्हिडिओ बघा. खाली लोक "पत्ता काय?", "दर काय?" असं विचारतात का? आणि प्रत्येक हॉटेलला "एक नंबर" म्हणणाऱ्यापासून लांबच राहा. त्याच्यावर बघणारेही विश्वास ठेवत नाहीत.

मेसेज काय करायचा?
छोटा आणि खरा. उदाहरणार्थ: "नमस्कार. आमच्या बचत गटातल्या आठ जणी मिळून खानावळ चालवतो. चुलीवरचे कोंबडी वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी असते. आपण एकदा जेवायला यावं. आवडलं तर आणि जसं वाटेल तसं सांगावं." सोबत दोन फोटो, दर आणि गूगल मॅपवरचं ठिकाण पाठवा. आपली जागा मॅपवर टाकायला पैसे पडत नाहीत.

पैसे मागितले तर?
काही जण फक्त जेवतात, काही जण पैसे मागतात. किती द्यायचे, द्यायचे की नाही, हे गटाच्या बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. फुकट दिलेलं ताटसुद्धा जाहिरात खर्च म्हणून वहीत चढवा, नाहीतर महिन्याच्या हिशोबात घोळ होतो.

एक नियम माहीत असू द्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या आहेत. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सेवा घेऊन कौतुक केलं, तर ही जाहिरात आहे असं व्हिडिओत स्पष्ट सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून "चांगलंच बोला" अशी अट घालू नका. तसंच सवलतीचं आमिष दाखवून गिऱ्हाईकाकडून गूगलवर पाच स्टार घेऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही.

येण्याआधी काय तयार हवं?
- अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक भिंतीवर लावलेला.
- दरपत्रक. माशाचा दर रोज बदलतो, तर तसं लिहा.
- स्वच्छ शौचालय, हात धुवायची सोय, गाडी लावायला जागा.
- फोन उचलणारी एक ताई नेमलेली.

आणि पाहुण्यांना रोजचंच ताट वाढा. त्यांच्यापुढे मोठी सुरमई ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाईकाला त्याच दरात छोटा तुकडा मिळाला, तर तो फसल्यासारखा जाणार.

व्हिडिओ चालला तर?
इथेच खरी परीक्षा. समजा रोज २५ ताटं होतात आणि रविवारी ६० माणसं दारात आली. वडे गरम तळून द्यायचे तर एका कढईवर किती होणार? लोक तासभर थांबतात, चिडतात आणि घरी जाऊन वाईट लिहितात. व्हिडिओ आठवड्याभरात मागे पडतो, पण ते लिहिलेलं तसंच राहतं. म्हणून दिवसाला जास्तीत जास्त किती ताटं ते आधीच ठरवा. "आदल्या दिवशी फोन करून या" हे ब्लॉगरला व्हिडिओत सांगायला लावा. ताटं संपली की 'आजचे जेवण संपले' असा बोर्ड लावा. त्यात कमीपणा काही नाही.

फायदा झाला का, कसं कळणार?
महिनाभर प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारा, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" वहीत बोर्ड, ओळखीचे, व्हिडिओ असे तीन रकाने करा आणि रेघ मारत जा. महिन्याच्या बैठकीत बेरीज करा. खर्च वसूल झाला असेल तर दुसऱ्याला बोलवा, नसेल तर थांबा. दुसऱ्यांदा येणारे वाढत असतील, तर तुमचं ताट बोलतंय असं समजा.

पुढच्या बैठकीत या विषयाला अर्धा तास ठेवा. मेसेज लिहायला आणि मॅपवर जागा टाकायला मी सोबत बसेन. मोबाईल चार्ज करून आणा!