निवृत्तीच्या पैशातले बी आधी बाजूला काढा

शाल-श्रीफळ झाले, निरोपाची भाषणे झाली आणि दोन-चार महिन्यांत खात्यावर एकदम मोठी रक्कम आली. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विकलेल्या पेन्शनचे पैसे. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढा आकडा पासबुकात कधी पाहिलेला नसतो. पुढे काय होते, ते वाचकहो, तुम्ही आपापल्या गावात पाहिलेच आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ख्रिस्ती घरांत असे निवृत्त गुरुजी आणि बाई पुष्कळ. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आले, शाळा निघाल्या, तेव्हापासून शिक्षकी पेशा आमच्या मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. जमीन थोडी, पगार बांधलेला, असा संसार. म्हणून हे लिहिणे मुख्यतः त्यांच्यासाठी. इतरांनीही वाचायला हरकत नाही.

आधी माझी चूक सांगतो. २०१८ साली नेवासा तालुक्यातले एक गुरुजी निवृत्त झाले. लहानपणी संडे स्कूलला मी त्यांच्यापुढे बसलेलो. मला म्हणाले, “काय साहेब, तीन एकर पडून आहे, डाळिंब लावू का?” मी माती पाहिली. मुरमाड, निचऱ्याची. म्हटलं, “लावा गुरुजी, ठिबक करून घ्या.” शेतीच्या दृष्टीने सल्ला चुकीचा नव्हता. पण मागे किती पैसा राहणार, हे मी विचारलेच नाही. बोअर, ठिबक, रोपे, कुंपण, औषधे यांत अकरा लाख गेले. तिसऱ्या बहाराला तेल्या आला आणि तडकलेली फळे पाट्या भरभरून खड्ड्यात टाकली. उरलेले पैसे दीड टक्का व्याज जास्त म्हणून एका पतसंस्थेत होते, ते तिथे अडकले. एकदा भेटायला गेलो तर काकूंनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “डाळिंबाचं जाऊ दे रे. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे होते ते.” तो चहा मला गेला नाही.

बायबलमध्ये योसेफाची गोष्ट आहे. मिसर देशात सात वर्षे सुकाळ, मग सात वर्षे दुष्काळ. सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घालायचा, असा त्याने बंदोबस्त केला. आपल्याकडे वेगळे काय करतात? खळे झाले की आधी बियाण्याचे दाणे निवडून, राख लावून वेगळे ठेवायचे. मग खायचे, मग विकायचे. निवृत्तीच्या रकमेचे तसेच आहे. मोठ्या मुलाचे घर, धाकट्याचे दुकान, जावयाची गाडी हे सगळे खरे, पण बी बाजूला काढल्यावर.

बी म्हणजे किती? दोघांचा वर्षाचा खर्च आणि दवाखाना मांडा. पेन्शन किती पुरते, किती कमी पडते, ते पाहा. तेवढी तूट व्याजातून निघेल इतकी रक्कम कोणी कितीही रडले तरी मोडायची नाही. पोस्टात व बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. मुदत पाच वर्षे, व्याज दर तिमाहीला. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा तीस लाख झाली. त्या वेळचा ८.२ टक्के दर धरला तर दहा लाखांवर तीन महिन्यांना २० हजार ५०० रुपये येतात. दर सरकार वेळोवेळी ठरवते, पण तुम्ही पैसे टाकताना जो असेल तो पाच वर्षे कायम. अट साठ वर्षांची आहे. मात्र पंचावन्न ते साठमध्ये निवृत्त झालेल्यांना रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत खाते काढता येते. अठ्ठावन्नला निवृत्त झालेले गुरुजी नेमके हे तीन महिने सत्यनारायण-नाताळ, पाहुणे-रावळे यांत घालवतात.

पतसंस्थेविषयी स्पष्ट बोलतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विमा आहे, व्याज धरून. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एक लाखाचा पाच लाख झाला. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. चेअरमन आपल्या पाहुण्यातला आहे, हा विमा नव्हे! उपदेशकाच्या पुस्तकात सात-आठ वाटे करायला सांगितले आहे. तुम्ही निदान तीन करा.

आणि जामीन. ट्रॅक्टरच्या कर्जाला पुतण्या सही मागतो, नाही म्हणवत नाही. नीतिसूत्रांत या एका गोष्टीबद्दल पुन्हा पुन्हा बजावले आहे आणि अडकलाच असाल तर झोप लागायच्या आत सुटून घ्या, असा तिथला भावार्थ आहे. हजार-दोन हजार रोख मदत करा, सही करू नका. हे माझे मत, पाळकसाहेबांना विचारून पाहा.

दशांशाचे बरेच जण विचारतात. पेन्शनमधून दर महिन्याला द्यावा, त्याने घडी बसते. रकमी पैशातून किती, ते नवरा-बायकोने घरात बसून ठरवावे. भर उपासनेत मोठा आकडा बोलून नंतर मुलांशी भांडण करण्यापेक्षा ते बरे. पौलानेही मनात ठरवून, कुरकुर न करता द्यायला सांगितले आहे.

शेवटचे काम मृत्युपत्र. वारसनोंद म्हणजे मालकी नव्हे, हे तलाठी-ग्रामसेवक मंडळींनीही लोकांना सांगावे. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश, उरलेले मुलांना, मुलगा-मुलगी सारखे. मंडळीला किंवा शाळेला काही ठेवायचे असेल तर त्यावर पूर्वी जाचक अटी होत्या. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केले. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही द्यायचे, त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीला घेऊ नका, नाहीतर त्याचा वाटा बुडतो.

आमच्या गुरुजींनी बाग काढली. दीड एकर ज्वारी, बाकी चारा, दोन गाई. पतसंस्थेतले थोडे थोडे सुटू लागले तसे पोस्टात टाकले, काकूंच्या नावे. गेल्या महिन्यात काकूंचा एक गुडघा झाला. दुसरा दिवाळीनंतर, असे डॉक्टर म्हणाले आहेत.