दाणा पारखा, मग सौदा करा

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यातले कोंढा हे धानपट्ट्यातले गाव. मळणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की शेतकऱ्याची भिस्त ताडपत्रीवर. ती एचडीपीईच्या पट्टीची विणतात. मासळीचे जाळे त्याच्याच तंतूचे.

या धंद्यात उतरणाऱ्याने केवळ किलोचा भाव पाहू नये. दाण्याचा मेल्ट फ्लो इंडेक्स १ च्या आसपास हवा. बादल्यांचा ८ ते २० चा दाणा सहज वाहतो, पण पट्टी पाच-सात पट ताणताना तुटते. डबे फुगवण्याचा ०.३ चा दाणा यंत्रावर भार टाकतो. उन्हासाठी यूव्ही स्टॅबिलायझर घालावाच.

पोत्यावरील ग्रेड वाचावा, एक पोते चालवून पाहावे, मगच सौदा करावा. ताडपत्री फाटली तर कोणाचे तरी वर्षभराचे धान भिजते.