ओटीतल्या ब्लाउज पीसचं काय करायचं?

तुमच्या घरातल्या कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा आज एकदा उघडून बघा. जुनी स्वेटर्स, दिवाळीचे आकाशकंदील वगैरे बाजूला सारलंत की मागे एक फुगलेली पिशवी सापडेल. तिच्यात असतात ब्लाउज पीस. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांत, कुठूनकुठून ओटीत आलेले. चौकोनी घडी, आत पुठ्ठा. काहींवर बारीक अक्षरात पेनाने नावसुद्धा लिहिलेलं असतं, कारण ज्यांच्याकडून आला त्यांच्याच ओटीत तो परत जायला नको! आमच्या घरात असे एकतीस निघाले. आईला विचारलं, यातले शिवलेस किती? ती म्हणाली, ‘‘एकही नाही. ते शिवायचे नसतात गं, पुढे द्यायचे असतात.’’

तर मंडळी, कच्चा माल घरातच आहे. मैत्रिणीचा वाढदिवस आला की आपण फोटो छापलेला मग नाहीतर सुगंधी मेणबत्ती ऑर्डर करतो, आणि तिच्याकडे तसले चार आधीच असतात. त्याऐवजी एक संध्याकाळ, एक सुई आणि वरच्या कप्प्यातला एक पीस, एवढ्यात बरंच काही होतं. मशीन नसलं तरी चालेल. मुलग्यांनो, तुम्हीही पान उलटू नका. तुमची जीन्स आखूड करून देणारा कोपऱ्यावरचा टेलर पुरुषच आहे.

आधी मात्र कापड ओळखायला शिका. ओटीतले बरेचसे पीस सुती वाटतात पण असतात पॉलिस्टर मिसळलेले. बोटांना फरक कळत नसेल तर कडेचे दोन-तीन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. हा मणी गरम असताना हात लावू नका (मी लावलाय). पॉलिस्टरचे पीस टाकून द्यायचे नाहीत, त्यांचे बटवे आणि अस्तरं छान होतात. पण जे अंगाला लागणार, बाळाला गुंडाळणार किंवा तापवणार, ते सुतीच हवं.

दुसरं, कापायच्या आधी कापड भिजवा. हे मी तुम्हाला एवढ्या ठासून का सांगतेय, ते पुढे येईलच.

सामानात फार खर्च नको. एक चांगली कात्री, आणि ती फक्त कापडाची. घरातल्या कुणी तिने दुधाची पिशवी किंवा कागद कापला तर भांडा, कारण कागदाने धार जाते. हातशिवणाच्या सुयांचं पाकीट घेताना एवढं लक्षात ठेवा की नंबर जेवढा मोठा, तेवढी सुई बारीक. मशीनच्या सुईचं नेमकं उलटं असतं. साध्या सुती कापडाला 14 नंबर, तलम कापडाला 11, जीन्सला 16. दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला म्हणजे वेळ वाचतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो गुंततो आणि गाठी सोडवण्यातच संध्याकाळ जाते. नाड्या, लेस, मणी हवे असतील तर पुण्यात रविवार पेठ, मुंबईत भुलेश्वर. पण पहिल्या खेपेला जाऊ नका. तिथे गेलं की माणूस शिवत नाही, नुसतं साठवतं.

टाके दोनच शिका. एक धावदोरा, म्हणजे वर-खाली, वर-खाली सरळ जाणारा. दुसरा उलटा टाका, दोन पावलं पुढे आणि एक मागे. ज्या शिवणीवर ताण येणार तिथे उलटा टाका, बाकी सगळीकडे धावदोरा.

सुरुवात बटव्यापासून करा. पीसमधून 8 इंच रुंद आणि 22 इंच लांब पट्टी कापा. दोन्ही टोकांना, वरच्या दोन-दोन इंचांत, बाजूच्या कडा अर्धा इंच आत दुमडून टाके घाला. मग प्रत्येक टोक आधी अर्धा इंच आणि नंतर एक इंच असं दुमडून आडवी शिवण घाला. हा झाला नेफा. आता सुलट बाजू आत ठेवून पट्टी मधोमध दुमडा आणि नेफ्याच्या खालपासून तळापर्यंत दोन्ही बाजू अर्धा इंच आत उलट्या टाक्याने शिवा. उलटवा. वीस-वीस इंचांच्या दोन नाड्या घ्या. पहिली सेफ्टी पिनेला अडकवून उजवीकडून आत घाला, दोन्ही नेफ्यांतून फिरवून उजवीकडेच बाहेर काढा आणि गाठ मारा. दुसरी तशीच डावीकडून. दोन्ही ओढल्या की तोंड बंद. सात इंच रुंद, साडेनऊ इंच उंच बटवा तयार! यात चार्जर मावतो, दागिने मावतात, हॉस्टेलला निघालेल्या मैत्रिणीचं औषधपाणी मावतं. एखादी भेटवस्तू गुंडाळायला चकचकीत कागदाऐवजी हाच वापरा.

उशीचा अभ्रा बटव्याहूनही सोपा, कारण त्याला चेन नाही की बटण नाही. सोळा इंची चौकोनी उशी धरू. पुढचा तुकडा 17 बाय 17 इंच. मागचे दोन तुकडे 17 बाय 12, आणि प्रत्येकाची एक लांब कड दोनदा अर्धा-अर्धा इंच दुमडून शिवलेली. पुढचा तुकडा सुलट ठेवा, त्यावर मागचे दोन्ही उलटे, दुमडलेल्या कडा मध्यावर एकमेकींवर चढलेल्या. चारही बाजूंनी अर्धा इंच आत शिवण घाला, कोपऱ्यांचं जादा कापड तिरकं छाटा आणि मधल्या फटीतून उलटवा. मागे पाच इंचांचा पदर राहतो, त्यामुळे उशी बाहेर डोकावत नाही. पुढच्या बाजूला खण लावलात तर बैठकीचा नूर बदलतो. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण चोळीसाठी प्रसिद्ध. त्याचे काठ कापून वाया घालवू नका, ते अभ्र्यावर आडवे येतील असं बघा.

कापडी पिशव्यांबद्दल इथे लिहीत नाही. 2018 साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आल्यापासून प्रत्येक घरात त्या गरजेपेक्षा जास्त झाल्या आहेत. शिवणारच असाल तर पट्टे नुसते टाचू नका, जोडावर चौकोन शिवून त्यात फुली मारा.

यापेक्षा आईबाबांना द्यायला एक उत्तम गोष्ट सांगते. लहानपणी सर्दी झाली की ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायचे, आठवतंय? तीच कल्पना, जरा मोठी. जाड सुती कापड 13 बाय 17 इंच घ्या, लांबीत दुमडा, एक आखूड आणि लांब बाजू शिवा, उलटवा. आत पाऊण किलो गहू भरा, हवं तर मूठभर ओवा, आणि तोंड दुहेरी शिवा. गच्च भरू नका, पिशवी कंबरेवर पसरली पाहिजे. कापडही सुती आणि दोराही सुतीच, कारण पॉलिस्टर वितळतं. मायक्रोवेव्हमध्ये शेजारी पाण्याचा कप ठेवून अर्धा-अर्धा मिनिट तापवा आणि दर वेळी हाताने पाहा. गहू कोरडे पडतात आणि जास्त तापले तर जळू शकतात, त्यामुळे ‘चार मिनिटं लावून आंघोळीला गेले’ असं करू नका. गरम पिशवी घडी करून पांघरुणाखालीही ठेवू नका. माझ्या आईची कंबर संध्याकाळी धरते. रोजच्या रोज वापरली जाणारी माझी एकमेव भेट ही.

आता कात्रणं उरतील. ती फेकायच्या आधी कर्नाटकातल्या सिद्दी बायकांचं काम एकदा शोधून बघाच. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकन माणसांचे वंशज उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळ भागात राहतात. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. खाली एक अखंड कापड, त्याच्या कडा आत दुमडलेल्या, आणि वर रंगीबेरंगी तुकडे. तुकडे आधी एकमेकांना जोडत बसायचं नाही. कडेपासून सुरुवात करायची, तुकड्याची उघडी बाजू आत मुडपायची, धावदोऱ्याने पुढे जायचं आणि फेऱ्या घेत घेत मध्यापर्यंत पोचायचं. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी फुलं लावल्याशिवाय ती पुरी होत नाही. मोजमाप नाही, आखणी नाही, चूक दिसत नाही. सहा इंच चौकोनावर ही पद्धत करून पाहा, चहाच्या कपाखाली ठेवायला देखणं आसन होतं. सहाचा संच लग्नात द्यायला काहीच हरकत नाही.

आता भिजवण्याची गोष्ट.

मावसबहिणीला मुलगी झाली तेव्हा बारशाला दुपटं शिवून न्यायचं मी ठरवलं. वरच्या कप्प्यातला लाल पीस आणि दुकानातून आणलेलं पांढरंशुभ्र पॉपलीन. नवंकोरं. दहा दिवस रात्री जागून केलं. बारशात सगळ्यांनी ते हातात घेऊन बघितलं, मी मनातून फुलले. चार दिवसांनी मावशीचा फोन आला, ‘‘अगं, छानच झालंय हो. फक्त गुलाबी झालंय.’’ लाल पीसचा रंग पांढऱ्यावर उतरला होता आणि पॉपलीन आटल्याने सगळं दुपटं वाटीसारखं वाकलं होतं. बाळाचे कपडे रोज धुतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

तेव्हा आजीची आठवण झाली. आजी गोधडी जुन्याच लुगड्यांची शिवायची. मला वाटायचं काटकसर. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्याचा जायचा तो रंग गेलेला असतो, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं आणि सुई त्यातून लोण्यातून जावी तशी जाते. शेवटच्या काही वर्षांत तिला सुईचं नाक दिसत नसे. शाळेत जायच्या आधी मी तिला दहा सुया ओवून उशीवर टोचून ठेवायची. संध्याकाळी परत येईपर्यंत दहाही रिकाम्या असत.

तिचं एकच नऊवारी सुती लुगडं आमच्याकडे उरलंय. मी ते मागितलं. आई म्हणाली, ‘‘कापायचं नाही.’’ मी म्हटलं, ठेवून तरी काय होणार? ती म्हणाली, ‘‘काही होऊ दे नाही तर नको. तू एक बिघडवलंयस ना आत्ताच?’’ यावर मला बोलता येईना. दोन दिवस आम्ही त्या विषयावर बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच लुगडं काढलं, खिडकीपाशी उजेडात धरलं आणि म्हणाली, घडीवर विरायला लागलंय. कात्री मात्र तिने स्वतः चालवली.

लुगड्याचा पन्हा सव्वा वार. चौकोनी दुपट्याला तीन थर लागतात, म्हणजे पावणेचार वार. उरलेले सव्वापाच वार तिने घडी करून परत ठेवले. तुम्हाला करायचं असेल तर असं करा. थर फरशीवर एकावर एक अंथरा, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवून सुरकुत्या काढा, आणि हातभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालून थर जागेवर बांधा. हा टप्पा गाळू नका, नाहीतर शेवटी आतलं कापड गोळा होतं. मग कडा आत दुमडून कडेपासून धावदोरा सुरू करा, दोन ओळींत बोटभर अंतर, चौकोनात चौकोन करत मध्याकडे. गाठी थरांच्या आत लपवा, बाळाच्या अंगाला टोचायला नकोत. शेवटी कच्चे टाके उसवून काढा. बाळाच्या वस्तूला मणी, टिकल्या, बटणं काहीही लावू नका.

रोज तासभर धरलात तर तीन आठवडे लागतात. माझी घाई एवढीच होती, की पोरगी पालथी पडायच्या आत ते तिच्या अंगाखाली गेलं पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात कॉलेजच्या सबमिशन्स आल्या आणि चार दिवस दुपटं तसंच कॉटवर पडून राहिलं. पाचव्या दिवशी उचललं तर माझ्या ओळीच्या पुढे सहा ओळी जास्त होत्या. टाके माझ्यापेक्षा निम्म्या लांबीचे, अगदी सरळ. उशीवर चार सुया ओवून टोचलेल्या होत्या. आई स्वयंपाकघरात होती, तिने काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मावशीचा फोन परवा आला. दुपटं दोनदा धुऊन झालंय, रंग आहे तोच आहे. पोरगी अजून पालथी पडलेली नाही.