‘से’, ‘पासून’ आणि इंग्रजी

कॉलेज किंवा नोकरीच्या मुलाखतीत आपली हुशार मुलंही हमखास म्हणतात, ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ आम्ही शिक्षक ही चूक मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांच्या मुलांत पाहतो. कारण ती घरच्या बोलीतून येते. आपण ‘पाच वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘२०१९ पासून’ही, उर्दूत ‘पाँच साल से’ आणि ‘२०१९ से’. शब्द एकच.

इंग्रजीत दोन आहेत. सुरुवात कधी झाली हे सांगताना ‘सिन्स’ : सिन्स २०१९, सिन्स मंडे, सिन्स रमजान. किती काळ झाला हे सांगताना ‘फॉर’ : फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू डेज.

क्रियापदही बदलतं. ‘राहतो’, ‘रहता हूँ’ हा आपला साधा वर्तमानकाळ. तेव्हा सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘हॅव बीन’ लागतं : ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’

अम्मी-अब्बांना इंग्रजी येत नसलं तरी हा सराव घेता येईल. दस्तरखानावर मुलांना विचारा, ‘कधीपासून?’ उत्तर ‘सिन्स’ने यावं. ‘किती दिवस झाले?’ विचारलं तर ‘फॉर’ने. रोज दोन वाक्यं पुरेत. मुलाखतीच्या दिवशी जीभ अडणार नाही, इन्शाअल्लाह.