सळई वर की खाली?

सिव्हिलला असलेल्या एखाद्या मित्राला विचारून बघा, ‘छज्ज्यात मुख्य सळई वर टाकतात की खाली?’ बेंडिंग स्ट्रेसचं सूत्र त्याला झोपेतही येत असेल. पण इथं बरेच जण दोन सेकंद थांबतात.

आधी सूत्राचं बघू. दोन टोकांना टेकलेली फळी मधोमध वजन ठेवल्यावर वाकते, तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो. मधल्या एका थराला ना दाब, ना ताण. तो न्यूट्रल अ‍ॅक्सिस. त्यापासून जितकं लांब, तितका स्ट्रेस जास्त. आयताकृती छेदासाठी सगळ्यात मोठा स्ट्रेस काढायचा, तर बेंडिंग मोमेंटला ‘रुंदी गुणिले उंचीचा वर्ग भागिले सहा’ यानं भागायचं.

आकडे टाकू. फळी २०० मिमी रुंद, ५० मिमी जाड. दोन टेकूंमधलं अंतर दोन मीटर. मधोमध साधारण ७५ किलोचा माणूस, म्हणजे ७५० न्यूटन. मोमेंट आला ३७५ न्यूटन-मीटर. फळी आडवी असेल तर स्ट्रेस दर चौरस मिमीला ४.५ न्यूटन, तीच कडेवर उभी केली तर फक्त १.१. लाकूड तेवढंच, स्ट्रेस पावपट! घराच्या तुळया उभट का असतात, ते इथं कळतं.

गॅलिलिओनं १६३८ च्या पुस्तकात भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचं गणित मांडलं. उंचीचा वर्ग त्यानं अचूक पकडला. पण अख्ख्या छेदावर सारखाच ताण धरल्यामुळे तुळईची ताकद तिप्पट निघाली. गॅलिलिओ होता म्हणून निभावलं, आपले तेवढ्यात मार्क गेले असते.

आपला छज्जा म्हणजे गॅलिलिओची तीच तुळई. एक टोक भिंतीत, दुसरं हवेत. तो खाली झुकू पाहतो, म्हणून ताण येतो वरच्या बाजूला. काँक्रीट दाब मस्त झेलतं, ताणात मात्र त्याची ताकद साधारण दहाव्या हिश्शाची. म्हणून छज्ज्यात मुख्य सळई वर.

ड्रॉइंगमध्ये ती वरच असते हो. घोळ होतो माल टाकताना. कामगार जाळीवर पाय देत पुढं जातात आणि जाळी खाली दबते. १०० मिमी जाडीच्या छज्ज्यात सळई तळापासून ७५ मिमीवर हवी होती आणि ती ५० वर आली, तर जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. तळालाच टेकली, तर ती असून नसल्यासारखी. वरून प्लॅस्टर झालं, की कुणाला दिसणार? त्यामुळे सळईखाली ‘चेअर’ लावल्यात का, हे काँक्रीटची गाडी यायच्या आत बघायचं.

टेकू काढायचाही क्रम ठरलेला आहे: हवेतल्या टोकापासून भिंतीकडे. उलटं केलं, तर भिंत आणि शेवटचा टेकू यांच्यामध्ये छज्जा साध्या फळीसारखा वाकतो. मग ताण येतो खालच्या बाजूला, आणि तिथं मुख्य सळई नसते.